ठाणे सोडून मध्यम शहरात राहायला जाताना: कोल्हापूर, सांगली-मिरज, सातारा की नाशिक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघे पन्नाशीच्या उत्तरार्धात आहात, ठाण्यातील सदनिका विकून एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात कायमचे राहायला जावे असा विचार आहे, सोबत ऐंशी ओलांडलेल्या आणि हृदयविकार असलेल्या सासूबाई असतील, मुलगी बंगळूरुला असते, आणि दोघांपैकी एकाचे काम आणखी काही वर्षे घरून ऑनलाइन चालणार आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि नाशिक ही चार नावे तुम्ही निवडली आहेत, त्यांपैकी दोन शहरे सहलीच्या निमित्ताने पाहिली आहेत, आणि यांतले राहण्यास सर्वांत चांगले कोणते, असे विचारले आहे.

माझा व्यवसाय नगररचनेचा आहे. उमेदीची बरीच वर्षे नगरपालिकांचे विकास आराखडे तयार करण्यात गेली, आणि आता घर किंवा भूखंड घेणाऱ्या कुटुंबांना त्या त्या जागेचे नकाशे वाचून सल्ला देण्याचे काम करतो. त्यामुळे माझे उत्तर शहराच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या रचनेकडे झुकलेले असेल. ही चारही शहरे मला आवडतात आणि चारही ठिकाणी लोक समाधानाने राहत आहेत, म्हणून यादीत पहिला-दुसरा क्रमांक लावून मोकळे होण्यात तुमचा काही फायदा नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमचा खरा प्रश्न असा आहे की पुढची वीस-पंचवीस वर्षे, तुमचे वय वाढत असताना, घरातल्या कोणाला अडचण येणार नाही अशी जागा कोणती. ती कोणत्या शहरात आहे हा त्यानंतरचा प्रश्न होतो, कारण एकाच शहरातील दोन पेठांमध्ये जितका फरक असतो तितका पुष्कळदा दोन शहरांमध्येही नसतो.

मध्यम शहर कशाला म्हणावे, हे आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची पाच लाखांच्या किंचित वर, कोल्हापूरची साडेपाच लाखांच्या आसपास आणि नाशिकची १४ लाख ८६ हजार. त्यानंतर चारही शहरे वाढली आहेत. या आकड्यांवरून एवढे दिसते की नाशिक आता मध्यम शहरांच्या गटात खऱ्या अर्थाने बसत नाही आणि सातारा त्या गटाच्या खालच्या टोकाला आहे. तुमच्या मनातले मध्यम शहर, म्हणजे जिथे घरापासून दवाखाना, बाजार, नाट्यगृह आणि स्टेशन वीस मिनिटांत गाठता येते, ते कोल्हापूर आणि सांगली-मिरज येथे सर्वाधिक स्पष्टपणे सापडते.

आता मी माझ्या कामातून आलेली एक गोष्ट सांगतो, जी घर शोधणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मध्यम शहरात सगळे जवळ असते याचे कारण तिथे प्रत्येक गोष्ट एक-दोनच असते. नदीवरचे महत्त्वाचे पूल एक-दोन, पाणी उपसण्याची केंद्रे दोन-तीन, बाहेर पडण्याचा मुख्य महामार्ग एक, आणि रात्री दोन वाजता हृदयविकाराच्या रुग्णाला हाताळू शकणारी रुग्णालये मोजकी. मुंबई-ठाण्यात एक रस्ता बंद पडला की लोक दुसऱ्याने जातात, मध्यम शहरात तो दुसरा रस्ता बहुधा नसतो. ज्या गुणासाठी तुम्ही तिकडे जाऊ पाहता, त्याच गुणाच्या पोटी तिथला धोकाही आहे. म्हणून माझा सल्ला मागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आधी हे विचारायला लावतो की या शहरात कोणती गोष्ट बंद पडली तर सगळेच अडते, आणि ती शेवटची कधी बंद पडली होती.

याचे सर्वांत ठळक उदाहरण लातूरचे आहे. मांजरा धरण आटल्यावर २०१६ च्या उन्हाळ्यात त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातूर हे शिक्षणासाठी नावाजलेले, उद्योगी आणि चांगले वाढणारे शहर, पण त्याचा भरवसा मुख्यतः एका धरणावर होता. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर या आणखी मोठ्या शहरांतही पाणी रोज न येता काही दिवसांआड येण्याची वेळ वर्षानुवर्षे राहिली आहे, आणि तिथले नागरिक घर घेताना पहिल्यांदा साठवण टाकीचा आकार विचारतात. तुमच्या यादीतील चारही शहरे सह्याद्रीच्या जवळ असल्याने पाण्याच्या बाबतीत सुदैवी आहेत, परंतु तिथे प्रश्न वेगळ्या रूपात येतो.

कोल्हापूरबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमचा कल तिकडे दिसतो आणि तिथला प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते, शहराच्या उत्तर-पश्चिम अंगाने वाहते आणि सुमारे ऐंशी किलोमीटरचा संथ प्रवास करून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. या प्रवासात तिला उतार फार कमी आहे. वर घाटमाथ्यावर एकाच वेळी मुसळधार पाऊस झाला, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि त्याच वेळी खाली कृष्णाही भरलेली असली, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि ते शहरात पसरते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी हे पावसाळ्यातील रोजचे बोलणे असते: ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांपर्यंत. दोन वर्षांच्या अंतराने असे दोन पूर आल्यावर 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दप्रयोगावर विसंबून घर घेणे मला मान्य नाही.

हे पाणी शहरात नदीकडून सरळ चालत येते असे समजणे चुकीचे ठरेल. जयंती नाला शहराच्या मधून जातो, आणि नदी फुगली की नाल्याचे पाणी मागे ढकलले जाऊन नदीपासून चांगल्या अंतरावर असलेल्या वस्तीत शिरते. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा सखल भाग आणि रमणमळा ही नावे त्यामुळे पुराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. यांतील नागाळा पार्क हा झाडीचा, शांत, उच्चभ्रू परिसर आहे आणि बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या भेटीत तोच सर्वाधिक आवडतो. तिथेही उंच भागातील रस्ते कोरडे राहतात आणि काही रस्त्यांवर होड्या चालवाव्या लागतात, म्हणून परिसराच्या नावावर निर्णय न घेता त्या इमारतीच्या जोत्याची पातळी पाहावी. राजारामपुरीचा वरचा भाग, सागरमाळ आणि शिवाजी विद्यापीठाच्या बाजूचा माळ हे उंचावर आहेत आणि तुमच्यासाठी मी शोध तिथून सुरू करेन.

येथे पूररेषांविषयी थोडे स्पष्ट करतो. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखून देतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि तिच्या व नदीच्या मधला पट्टा हे निषिद्ध क्षेत्र. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि निळ्या व लाल रेषेच्या मधला पट्टा हे नियंत्रित क्षेत्र, जिथे जोते उंच घेण्यासारख्या अटींवर बांधकामाला परवानगी मिळते. त्यामुळे 'परवानगी आहे, म्हणजे पूर येत नाही' हा विक्रेत्याचा युक्तिवाद ग्राह्य धरता येत नाही. जोते उंच असलेली इमारत कोरडी राहील, पण तिच्या दारापर्यंत रुग्णवाहिका पोहोचणार नाही, वाहनतळात पाणी भरेल आणि लिफ्ट बंद राहील. ऐंशी वर्षांच्या सासूबाई घरात असताना या गोष्टीला मी घराच्या किमतीपेक्षा अधिक वजन देईन.

शिवाय घर उंचावर असले म्हणजे पुराचा त्रास संपला असेही होत नाही. २०१९ मध्ये पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता, आणि दूध, इंधन, औषधे यांची शहरात ओढाताण झाली. त्याहून विलक्षण गोष्ट ही की शहराला पाणी देणारी नदीकाठची उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे सगळीकडे पाणी असताना नळ मात्र कोरडे होते आणि उंचावरच्या वस्त्यांतही टँकरची वाट पाहावी लागली. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याची योजना, जी नदीच्या प्रदूषणामुळे कोल्हापूरकरांनी अनेक वर्षे लावून धरली होती, ती २०२३ मध्ये सुरू झाली. तरीही तुम्ही पाहत असलेल्या घराला कोणत्या टाकीतून आणि कोणत्या योजनेतून पाणी येते, हे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात जाऊन विचारावे. तो प्रश्न विचारणारे ग्राहक फार थोडे असतात आणि उत्तर बहुधा सौजन्याने मिळते.

एवढे लिहूनही माझे कोल्हापूरविषयीचे मत अनुकूल आहे. एका संस्थानाची राजधानी म्हणून जे शहर घडले त्याला काही गोष्टी वारशाने मिळाल्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठा वसवल्या आणि कुस्ती, संगीत, नाटक यांना आश्रय दिला, आणि त्याचा परिणाम आजही शहराच्या रस्त्यांत, तालमींत आणि माणसांच्या बोलण्यात दिसतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, देवल क्लब १८८३ पासून. शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर पूर्वेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये येथे सुरू झाल्याने वकील आणि पक्षकारांची वर्दळ वाढली असून, मध्यवर्ती भागातील भाडी आणि किमती त्यामुळे चढ्या राहतील असा माझा अंदाज आहे. निवृत्तीनंतर ज्यांना माणसांत मिसळायचे आहे, संध्याकाळी कुठे तरी जायचे आहे, त्यांना या शहरात एकटेपणा वाटण्याची शक्यता कमी.

सांगली आणि मिरज यांचा विचार वेगवेगळा करावा, कारण महापालिका एक असली तरी दोन्ही शहरांचा स्वभाव भिन्न आहे. सांगलीचा जुना भाग कृष्णेच्या अगदी काठावर आहे. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलावरची पातळी हाच तिथला मापदंड आहे, ४५ फूट ही धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगली नगर वाचनालयातील हजारो पुस्तके त्या पुरात भिजून नष्ट झाली, यावरून पाणी शहराच्या किती मध्यापर्यंत आले होते ते कळेल. कृष्णेचा पूर हा कोयनेच्या विसर्गाशी जोडलेला असल्यामुळे काही तास आधी अंदाज येतो, पण उतरायलाही तो दिवस घेतो. याशिवाय सांगलीत दुसरा प्रश्न काळ्या मातीचा आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे पाया पुरेसा खोल नसलेल्या बैठ्या घरांना भेगा जातात, आणि शामरावनगरसारख्या सखल भागात नदीला पूर नसतानाही पावसाचे पाणी साचून राहते. मे महिन्यात घर पाहिले तर यातले काहीच दिसत नाही.

याउलट विश्रामबाग आणि तिथून मिरजेकडे जाणारा रस्ता तुलनेने उंच आहे, आणि मिरजेचे वैशिष्ट्य म्हणजे तिथली वैद्यकीय परंपरा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू केलेल्या कामातून मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे आणि उत्तर कर्नाटकाचे उपचारांचे ठिकाण बनले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्या भोवती खासगी रुग्णालयांची दाटी झाली. एवढ्या आकाराच्या दुसऱ्या शहरात इतके डॉक्टर एकत्र मिळणे अवघड. मिरज जंक्शनवरून बंगळूरुच्या दिशेने थेट रेल्वेगाड्या आहेत, हे तुमच्या मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचे. सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृती जपणारे हे गाव संगीताची आवड असलेल्या माणसाला जवळचे वाटेल. तुमच्या प्रश्नात मिरजेचे नाव नव्हते, पण तुमची परिस्थिती वाचल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवले.

मात्र सांगली-मिरज परिसरात कागदपत्रांबाबत विशेष सावध राहावे लागते. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या वसाहती येथे फार आहेत, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्यांतील काही नियमित झाल्या, काही अर्धवट राहिल्या. अशा घराची किंमत आकर्षक असते, परंतु रस्ता, गटार आणि कर्ज या तिन्ही बाबतींत पुढे अडचणी येतात. तुमच्या वयात ती झुंज अंगावर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

साताऱ्याविषयी मला आपुलकी आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास वसलेल्या या गावाची हवा चारही शहरांत सर्वांत सुखद आहे, आणि कास तलावाचे पाणी उताराने, म्हणजे पंपाशिवाय, शहरात येते ही एकोणिसाव्या शतकातील योजना नगररचनेच्या विद्यार्थ्यांना दाखवावी अशी आहे. वीज गेली तरी त्या पाण्याला अडसर येत नाही. पण हे पाणी प्रामुख्याने जुन्या शहराच्या काही भागालाच पुरते. उरलेल्या भागाची भिस्त उरमोडीवरून उपसून आणलेल्या पाण्यावर आणि २०२० च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या उपनगरांची भिस्त इतर योजनांवर आहे, त्यामुळे 'साताऱ्याला कासचे पाणी आहे' हे वाक्य प्रत्येक घराला लागू होत नाही. दुसरी अडचण चढ-उताराची. जुन्या पेठांत गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोजचा बाजार कठीण जातो, आणि रेल्वे स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या बाजूला असल्याने तिथवर जाण्यासाठीच वाहन करावे लागते. वैद्यकीय सोयी वाढत आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे, तरी गुंतागुंतीच्या प्रसंगी पुण्याला न्यायची पद्धत अजून आहे. ते अंतर सुमारे ११० किलोमीटर आणि वाटेत खंबाटकी घाट. निरोगी जोडप्याला मी सातारा निःशंकपणे सुचवतो, परंतु सासूबाईंच्या हृदयविकारामुळे तुमच्यासाठी तो माझ्या यादीत खाली जातो.

नाशिकविषयी थोडक्यात लिहितो. ते चांगले शहर आहे, रुग्णालये भरपूर आहेत, हवामान सुसह्य आहे, गंगापूर धरणामुळे पाण्याची स्थिती पुष्कळ बरी आहे आणि ठाणे फार दूर नाही. गोदावरीला पूर येतो, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावर नाशिककर तो मोजतात, परंतु तो बहुधा लवकर चढतो आणि लवकर उतरतो, आणि नदीकाठ सोडल्यास शहराचा मोठा भाग उंचावर आहे. अडचण एवढीच की नाशिकमध्ये तुम्हाला ठाण्यासारखीच वाहतूक आणि तसेच पसरलेले अंतर भेटेल. नाशिक रोड स्टेशन ते गंगापूर रोड हे अंतर रोज कापणाऱ्याला मध्यम शहराचे सुख मिळत नाही. त्यात २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची आणि इतर कामे मोठ्या प्रमाणावर चालू आहेत. तुमचे नातेवाईक व डॉक्टर ठाणे-मुंबईत असतील आणि तुम्हाला महिन्यातून दोनदा तिकडे जावे लागणार असेल, तरच मी नाशिकला पहिले स्थान देईन.

दवाखान्याच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगतो. 'या शहरात हॉस्पिटल चांगली आहेत का' असे विचारू नका. अँजिओप्लास्टी रात्री अडीच वाजता होते का, कॅथलॅबचे (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाचे) तंत्रज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ रात्री शहरात राहतात का, आणि तुम्ही पाहत असलेल्या घरापासून तिथवर पावसाळ्यात जाणारा रस्ता कोणता, असे विचारा. सासूबाईंच्या सध्याच्या डॉक्टरांकडून त्या शहरातील दोन तज्ज्ञांची नावे घ्या आणि घर पाहायला जाल तेव्हा त्यांचीही वेळ घेऊन भेटून या. इंटरनेटसाठी त्याच इमारतीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या उपलब्ध आहेत का हे पाहा, वीज जाण्याचे प्रमाण शेजाऱ्यांना विचारा, आणि इन्व्हर्टरचा खर्च धरूनच चाला. या बाबतीत चार शहरांत विशेष फरक नाही.

आतापर्यंतच्या लिखाणावरून माझा कल तुमच्या लक्षात आला असेल, तरी तो स्पष्ट मांडतो. तुमची दिलेली परिस्थिती तशीच असेल, तर मी विश्रामबाग ते मिरज हा पट्टा आणि कोल्हापूरचा पूर्वेकडील उंच भाग हे दोनच पर्याय हाती ठेवीन. वैद्यकीय गरज सर्वांत वरची मानली तर मिरजेकडची बाजू, आणि तुमच्या स्वतःच्या पुढच्या वीस वर्षांतील सांस्कृतिक व सामाजिक आयुष्य वरचे मानले तर कोल्हापूर. दोन्ही शहरांत सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे कोल्हापुरात राहून एखाद्या उपचारासाठी मिरजेस जाणे किंवा मिरजेत राहून कोल्हापूरला नाटकाला जाणे अशक्य नाही. केवळ पुराच्या त्या आठवड्यात हे अंतर फार मोठे होते, आणि म्हणूनच रोजची औषधे महिनाभराची घरात ठेवण्याची सवय तिथल्या जुन्या कुटुंबांना आहे.

मी यापेक्षा वेगळे उत्तर कधी दिले असते, हेही सांगतो. तुमची मुले शाळेत जाणारी असती, तर शाळेच्या अंतराने सगळा हिशेब बदलला असता. तुम्हाला चढ चालण्याची आवड असती आणि घरात कोणी आजारी नसते, तर मी सातारा म्हटले असते. मुलगी पुण्यात असती, तरीही सातारा. हातातील पैसा मर्यादित असता आणि नव्या घरावर कर्ज काढावे लागणार असते, तर घर न घेता कायम भाड्यानेच राहण्याचा विचार करा असे म्हटले असते, आणि तो विचार आजही वाईट नाही.

आता कृतीविषयी. ठाण्याची सदनिका लगेच विकू नका, ती भाड्याने द्या आणि त्या भाड्यात नव्या शहरात घर भाड्याने घ्या. या शहरांतील भाडी ठाण्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याने थोडी रक्कम उरेलही. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार एप्रिलमध्ये सुरू होईल असे पाहा, म्हणजे मे महिन्यातील पाणीटंचाई आणि जुलै-ऑगस्टमधील पूर ही दोन्ही रूपे एकाच करारात दिसतील. सहलीला गेलेला माणूस कास पठार सप्टेंबरमध्ये पाहतो आणि रंकाळा डिसेंबरच्या संध्याकाळी, आणि ती दोन्ही दृश्ये खरी असली तरी राहणाऱ्याला बाराही महिने काढायचे असतात. या वर्षात नगर वाचनालयाचे सभासद व्हा, मंडईत एकाच भाजीवाल्याकडे जा, सासूबाईंना तिथल्या डॉक्टरकडे नियमित दाखवा. वर्षाच्या शेवटी सासूबाईंना काय वाटते ते विचारा, कारण वयाच्या त्या टप्प्यावर ओळखीची माणसे सुटणे हे सर्वांत अवघड असते आणि त्या स्वतःहून बोलून दाखवणार नाहीत.

सदनिका विकल्यावर होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील करातून सवलत हवी असेल, तर विक्रीनंतर दोन वर्षांत तयार घर घ्यावे लागते किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करावे लागते, आणि विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. म्हणजे भाड्याचे एक वर्ष विक्रीच्या आधी काढणे अधिक सोयीचे, कारण विक्री झाली की मुदतीचे घड्याळ सुरू होते आणि घाईत घेतलेले घर बहुधा चुकीच्या भागात असते. तुमच्या प्रकरणाचे तपशील चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्या.

घर नक्की करताना विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर न थांबता काही कागद स्वतः मागवा. झोन दाखला आणि भाग नकाशा घेतला की ती जमीन रहिवास विभागात आहे का, तिच्यावर रस्त्याचे किंवा बागेचे आरक्षण आहे का आणि पूररेषा कुठून जाते, हे कळते. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागा, 'लवकरच मिळेल' हे उत्तर स्वीकारू नका. कोल्हापूरची हद्दवाढ दीर्घकाळ रखडल्याने शहराला लागून असलेली अनेक गावे प्रत्यक्षात शहरच झाली आहेत, पण पाणी, गटार आणि कचरा यांची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे आहे. २०१७ मध्ये बेचाळीस गावांसाठी स्थापन झालेले नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण तिथे बांधकाम परवानग्या देते, मात्र त्यामुळे नळाला पाणी येत नाही. त्या गावांतील स्वस्त, प्रशस्त घर पाहून मोह होतो, तेव्हा तिथल्या दोन-तीन घरांत जाऊन आठवड्यातून किती वेळा आणि किती वेळ पाणी येते ते विचारा.

घर पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचे घ्या, स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट आहे का ते स्वतः मोजून पाहा, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. तुमच्या मनात एखादी विशिष्ट इमारत असेल, तर तिचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक कळवा. झोन आणि पूररेषा यांबद्दल नकाशावरून जे सांगता येईल ते मी पाहून लिहीन.